टेप लावलेली पांढरी वायर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझी आई म्हणते, ही पोरगी देवाकडेही वॉरंटी कार्ड मागेल! घणसोली गावात माझं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे. अमावास्या वगैरे नव्हती हं... भर दुपार, आणि शेजारी मिक्सरवाल्याचा रेडिओ चालू.

गावातल्याच मंदाकाकी हार्ड डिस्क पदरात गुंडाळून आल्या. त्यांची आई धवलारीण होती — आगरी लग्नांत विधींची गाणी, म्हणजे धवले गाणारी. ती वारली. तिच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंग त्या डिस्कमध्ये होतं, आणि डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नव्हती.

"बाय, उद्या पोरीची हलद हाय. आयचा धवला वाजलाच पायजे."

अशा वेळी डिस्कला सिरियल अडॅप्टर जोडून कमांड द्यायच्या असतात. अडॅप्टरच्या चार वायरींपैकी तीन लावायच्या. चौथी लाल — तिच्यात करंट असतो, ती लागली तर डिस्कचा बोर्ड जळू शकतो. म्हणून तिच्या टोकाला मी आधीच टेप गुंडाळते.

वायरी लावल्या. कमांड दिली... स्क्रीन ढिम्म! पुन्हा पुन्हा दिली. माझं डोकं फिरलं.

"काकी, नाही होणार हे."

काकी हळूच धवला गुणगुणायला लागल्या. मध्येच अडल्या, पुढचं आठवेना... आणि स्क्रीनवर डिस्कचं उत्तर आलं.

"माजी आय धवला मधीच कंदी सोरीत नवती," काकी म्हणाल्या.

मी भराभर कमांड दिल्या. डिस्क दिसायला लागली. वायरींना हात न लावता आधी रेकॉर्डिंग कॉपी केलं, वाजवून बघितलं. काकी रडल्या. मीही.

त्या गेल्यावर वायरी काढायला घेतल्या आणि थबकले. टेप पांढऱ्या वायरीला होता! डिस्कचं उत्तर जिच्यातून येतं, तीच ही वायर. तिच्या जागी पिनेवर लाल वायर... घाईत मीच घोळ घातला होता. मग उत्तर आलं कुठून? आणि बोर्ड जळला कसा नाही? नंतर एका भंगार डिस्कला मुद्दाम तसंच जोडून पाहिलं, तर धूर निघाला.

पण माझ्या हातून तो आवाज गेला नाही, या विचाराने अजूनही हायसं वाटतं.

हळदीला मला आग्रहाने बोलावलं होतं. स्पीकरवर धवला सुरू होता. काकींनी माझ्या गालाला हळद लावली.

"आयनं सांभालून घेतला तुला, बाय."

वायरीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.