कागदावर नसलेली मुलगी

नीता देवधर दोह्यात नऊ वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होती. स्टेडियमच्या बांधकामात ना सिमेंटशी तिचा संबंध, ना क्रेनशी. अल थुमामाच्या साइटवर एका पोर्टाकॅबिनमध्ये बसून ती ड्रॉइंग्ज तपासायची. सही योग्य माणसाची आहे का, तारीख बरोबर आहे का, जुनं ड्रॉइंग नव्याच्या जागी तर घुसलं नाही ना, हे तिचं काम. एखाद्या इंजिनिअरने दुसऱ्याच्या नावापुढे सही मारली, की ती कागद परत पाठवायची आणि त्याने कितीही यल्ला-यल्ला, लवकर-लवकर केलं तरी ऐकायची नाही. साइटवर तिचा दरारा होता. दोह्याच्या नजमा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर राहणारी अंतरा म्हणायची, "नीताताई, तुमच्या हातून चुकीचा कागद सुटणं शक्यच नाही."

म्हणून पुढचं नीताला जास्त जड गेलं.

तिची आई, विजयालक्ष्मीबाई, नाशिकला सिडकोतल्या घरात धाकट्या मुलाजवळ, नंदूजवळ राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला विसरायला होऊ लागलं ते आधी किल्ल्या, मग गॅस, मग घराचा रस्ता. आता तर तिला न्हाऊमाखू घालावं लागे, भरवावं लागे. हे सगळं नंदू करायचा. त्याचं लग्न मोडलं होतं, मुलगी अनुष्का होस्टेलवर होती. त्याचं वायरिंगच्या सामानाचं दुकान टाळेबंदीत बसलं ते बसलंच. नीता दर महिन्याला पैसे पाठवायची आणि दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोन करायची. तिला वाटायचं, आपण आपला वाटा उचलतो आहोत.

मग नंदूला एका केंद्राचा पत्ता लागला. शहराबाहेर, एका ट्रस्टचं. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळायचे, आणि तिथल्या मोजक्या खाटांचा खर्च सरकार द्यायचं. अट एवढीच की म्हाताऱ्याच्या नावावर घरदार नको, पुंजी नको आणि मुलांची कमाई बेताची हवी.

घराचा प्रश्न आधीच मिटला होता. आईला सही करायचं भान होतं तेव्हाच तिने घर नंदूला बक्षीसपत्राने दिलं होतं. आता नंदूने बाकीचंही आवरायला घेतलं. आईची मुदत ठेव मोडून रक्कम नीताच्या खात्यात गेली. बांगड्या अनुष्काच्या नावाने लॉकरमध्ये गेल्या. नीता प्रत्येक वेळी "बरं" म्हणत गेली. फोनवर हे सगळं सोपं वाटायचं. एका शुक्रवारी मात्र आईने व्हिडिओवर मोकळे हात पुढे केले आणि विचारलं, "माझ्या बांगड्या कुणी काढल्या गं?" नीताने विषय बदलला.

आता अडसर उरला तो नीताचाच. तिचा पगार.

"ताई, एक प्रतिज्ञापत्र लागेल," नंदू म्हणाला. "तुझा आईशी संबंध नाही, तू काही पाठवत नाहीस, जबाबदारी घेत नाहीस. दूतावासात सही करून पाठव."

"नंदू, हे खोटं आहे."

"मग ये इकडे. खरं कर काहीतरी."

येणं सोपं नव्हतं. एकवीस सालचा उन्हाळा. भारतातून परतणाऱ्याला हॉटेलात कोंडून राहावं लागे, आणि स्टेडियम उद्घाटनाला आलेलं असताना रजा मागणाऱ्याची नोकरी टिकेल याची खात्री कुणी देत नव्हतं. नंदूचा आवाज खाली आला. "ताई, मी थकलोय गं. काल तिने मला ढकललं. मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला."

तो शब्द नीताच्या डोक्यातून जाईना. अंतराला तिने सगळं सांगितलं. अंतराने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कागद कागदाच्या जागी. आईला चांगलं मिळतंय ना?" नीतालाही तेच ऐकायचं होतं.

दूतावासातल्या माणसाने कागदावरून नजर फिरवली आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, यात काय लिहिलंय ते वाचलंत ना?" नीताने मान हलवली. पेन हातात धरल्यावर तिला आपलीच सही आठवेना. मागच्या माणसाने घसा खाकरला तशी तिने कशीबशी ती ओढली. बाहेर उन्हात आल्यावर तिने तो कागद तसाच नंदूला कुरियरने पाठवून दिला.

अर्ज पुढे सरकला. चौकशीसाठी माणूस घरी येणार, असं कळलं. नंदूने भिंतीवरचा नीताचा फोटो उतरवला. तिने पाठवलेला मिक्सर, ब्लँकेटं, सगळं माळ्यावर टाकलं. तिला त्या दिवशी फोन करू नकोस म्हणून बजावलं. पण नीताने हट्ट धरला. मला ऐकायचंय, नुसतं ऐकायचंय. शेवटी त्याने फोन लावून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर उलटा ठेवला. इकडे नीता केबिनमागे कंपनीच्या गाडीत काचा वर करून बसली. बाहेर मजूर खुर्च्यांचे खोके उतरवत होते. तिने स्वतःच्या बाजूचा आवाज बंद केला, पण अंगठा तिथेच ठेवला.

आलेल्या माणसाचं नाव देवीदास. आवाजावरून वयस्क, सावकाश बोलणारा. त्याने आईला महिना विचारला. तिला सांगता येईना. नंदूकडे बोट करून हे कोण म्हटल्यावर ती म्हणाली, "लाइटवाले आहेत. दिवसभर इथेच असतात."

नंदू हसल्यासारखं काहीतरी करायला गेला, ते नीताला ऐकू आलं. तिने डोळे मिटले.

"आजी, मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

"मुलगी कुठे असते?"

"कतारला. खेळायचं मोठं मैदान बांधतेय," आई म्हणाली. "शुक्रवारी फोन करते."

मग नंदू घाईने म्हणाला, "साहेब, जुनं काहीतरी आठवतं तिला. आई, ताई आपल्याशी बोलत नाही ना? बरीच वर्षं झाली ना?"

"बोलत नाही?" आईचा आवाज बदलला. "का बोलत नाही? अहो लाइटवाले, काय झालं तिला? गेली का ती? मला कुणी सांगितलं का नाही?" आणि ती रडायला लागली. लहान मूल हरवल्यावर रडतं तशी, श्वास अडकेपर्यंत.

"आई, अगं गेली नाही, शांत हो," नंदू म्हणत होता, पण तिला तो कुणीच नव्हता.

नीताचा अंगठा हलला. विचार करून हलला, असं तिला पुढेही म्हणता आलं नाही. "आई, मी आहे. मी इथेच आहे. ऐकतेय मी."

रडणं एकदम थांबलं. "आज शुक्रवार आहे का गं?" आईने विचारलं.

फळीवरचा फोन देवीदासने उचलला. "कोण बोलतंय?"

"मी नीता. त्यांची मुलगी. दर महिन्याला पैसे मीच पाठवते. ते प्रतिज्ञापत्र खोटं आहे, साहेब. सही मी केली आहे. भावाला काही करू नका."

देवीदासने फोन फळीवर परत ठेवला. मग नंदूला म्हणाला, "मी अहवाल लिहिण्याआधी अर्ज मागे घ्या. आजच. खोट्या शपथेचं प्रकरण मला वाढवायचं नाही." जाताना दारात थबकून तो एवढंच म्हणाला, की केंद्राचा दिवसाचा वर्ग आहे, सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, त्याला उत्पन्नाची अट नाही. फी पडेल.

नंदूने अर्ज मागे घेतला आणि मग नीताला फोन केला. ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "एका वाक्यात तू मुलगी झालीस," तो म्हणाला. "मी चार वर्षं तिचं सगळं काढतोय आणि मी लाइटवाला. खलास, ताई. यापुढे मला सांगू नकोस काय खरं नि काय खोटं." आणि त्याने फोन ठेवला. पुढचे कितीतरी शुक्रवार त्याने तो उचललाच नाही.

नीताने आईच्या ठेवीची रक्कम आईच्या खात्यात परत टाकली. अनुष्काच्या मदतीने बांगड्या पुन्हा आईच्या हातात गेल्या. दिवसाच्या वर्गाची फी ती थेट भरू लागली आणि घरी मदतीला ताहेरुन्निसा नावाची, आजारी माणसांची सेवा केलेली बाई ठेवली. ताहेरुन्निसाच मग शुक्रवारी फोन लावून द्यायला लागली. नंदू मागून जाताना दिसायचा, थांबायचा नाही. पण दुकानाचं शटर पुन्हा उघडलं, हे तिच्याचकडून कळलं.

ऑक्टोबरात थुमामाच्या स्टेडियमचे दिवे लागले. पुढच्या साइटवर बदलीचा कागद नीताच्या टेबलावर आला. विश्वचषकापर्यंतची नोकरी पक्की, अंतराने पार्टी मागितली. नीताने तो कागद दोनदा वाचला आणि राजीनामा लिहिला. अंतरा चिडली. "एक वर्ष थांबला असतात तर चांगली शिल्लक घेऊन गेला असतात!" नीता म्हणाली, "तोवर ती मला ओळखेल का, ते सांग."

नाशिकला ती पोचली तेव्हा आईने तिला ओळखलं नाही. नवीन बाई आली असं समजून तिने चहा कसा लागतो ते समजावून सांगितलं. नीताने तसा केला. नंदू दाराशी उभा राहून हे पाहत होता. संध्याकाळी त्याने तिच्यापुढे बसून आईला कसं उठवायचं ते दाखवलं. हात काखेत घालायचा, मनगटाला धरायचं नाही, दुखतं.

महिन्याभराने नंदू अनुष्काला भेटायला निघाला. चार वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर मुक्काम. बॅग खांद्याला लावून तो सूचना देत राहिला. गोळ्या, कोमट पाणी, बाथरूमचा दिवा चालू ठेव. पायरी उतरला, परत आला. "ती कधी कधी ढकलते, ताई."

"माहितीये. तू जा."

"रागावू नकोस तिच्यावर."

"रागावले तर तुला फोन करीन," नीता म्हणाली.

त्याने बॅग खांद्यावर सरकवली. मग "उचलीन," म्हणाला आणि रिक्षाला हात केला.