पिटुकलीच्या पायाचा नंबर

नंबरकाकांनी बारा पुस्तकं लिहिली आणि बाराही बुटांच्या खोक्यांच्या झाकणांवर लिहिली. ऐकणाऱ्याला थाप वाटते. वाटू दे बापडी! मी ती झाकणं डोळ्यांनी पाहिली आहेत.

दुकान होतं मुलांच्या बुटांचं. एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. काका तिथे एकतीस वर्षं बुटक्या स्टुलावर बसून पोरांचे पाय मोजत होते. पायाखाली लोखंडी पट्टी ठेवायची, अंगठ्याला टेकेपर्यंत आडवं पातं सरकवायचं आणि मोठ्यानं नंबर पुकारायचा. म्हणून नंबरकाका. आई हमखास म्हणायची, "एक नंबर मोठाच द्या हो, वाढता पाय आहे." आणि पोर हमखास जुने बूट सोडायला तयार नसायचं. अंगठा भोकातून बाहेर डोकावतोय, पण नाही म्हणजे नाही! सगळा बाजार ऐकेल असं भोकाड पसरायचं. मग काका तो जुना बूट उचलून कानाशी धरायचे. "हा काय म्हणतोय ऐक. म्हणतोय, मला तोकडनगरीला जायचंय, मला उशीर होतोय." रडणं तिथल्या तिथे बंद.

तोकडनगरी म्हणजे तोकड्या झालेल्या वस्तूंचं गाव. आखूड झालेले फ्रॉक, न बसणारी टोपडी, सगळे तिकडे राहायला. राजा एक लाळेरं. प्रधान तीनचाकी सायकल; ती बोलता बोलता गोल गोल फिरायची, त्यामुळे राज्याचा एकही निर्णय पुढे सरकायचा नाही. या गावात ये-जा करणारी माणसाची पोर एकच, पिटुकली. तिचे जुने बूट तिला वाट दाखवायचे आणि वाटेत डावा-उजवा कचाकचा भांडायचे, कारण दोघांनाही पुढे राहायचं असायचं.

पिटुकली आली कुठून हे सांगायला ज्योतिषी नको. काकांना एकुलती एक लेक. तिला घरी ठमी म्हणायचे. रविवारी सकाळी चहा झाला की बापलेक मागच्या पायरीवर बसायची आणि काका आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत लिहिलेलं झाकण वाचायचे. एक झाकण, एक प्रकरण. झाकणावर मावलं नाही ते पोरांना पेलत नाही, हे काकांचं शास्त्र. ठमी न्यायाधीश. तिला हसू आलं नाही तर झाकण रद्दीत, दयामाया नाही. हसायची तरी कशी! आधी नाकातून फुर्र, मग गडगडाट. काकू आतून ओरडायच्या, "अगं हळू, शेजारी काय म्हणतील!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायच्या. काकांना विचाराल तर त्यांच्या आयुष्यात याहून मोठं सुख कधी आलं नाही, आणि ते आलंय हे तेव्हा त्यांना कळतही नव्हतं.

छापायचं कुणाच्या डोक्यात होतं! ते झालं एका घोटाळ्यातून. एकदा गडबडीत काकांनी लिहिलेलं झाकण खोक्यावर बसवलं आणि खोकं गेलं गिऱ्हाइकाबरोबर. मालक आधीच वैतागलेले, माळ्यावर बोडक्या खोक्यांचा ढीग लागला होता ना. तिसऱ्या दिवशी ती बाई मुलाला ओढत दुकानात हजर. मालकांना वाटलं बूट चावला. बाई म्हणाल्या, "बूट झकास आहेत. पण राजा विहिरीत पडला, त्याचं पुढे काय झालं ते सांगा. हा मला जगू देत नाहीये." बाई निघाल्या एका प्रकाशनात संपादक. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं. इथे तर आंधळ्यानं एकही मागितला नव्हता.

चार पुस्तकं हातोहात गेली. मग ठमी तेरा वर्षांची झाली. एका रविवारी काका झाकण घेऊन पायरीवर बसले, ती आली नाही. ते तिच्या खोलीपाशी गेले. "ठमे, ये गं, थंड होतंय प्रकरण." ती दारात आली आणि म्हणाली, "बाबा, आता नको ना वाचून दाखवू. मी काय लहान आहे?" आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही हं, नुसतं लावलं. आपटलं असतं तर काका ओरडले असते, तासाभरात विषय मिटला असता. पण हळूच लावलेलं दार माणसाच्या जिव्हारी लागतं. काका क्षणभर उभे राहिले आणि परत फिरले. 

पुढची सात पुस्तकं त्यांनी एकट्यानं लिहिली. खपलीही. ठमी इंजिनीयर झाली, लांबच्या शहरात पूल बांधू लागली. फोन करायची, सुट्टीत यायची, बापाच्या गुडघ्यांची चौकशी करायची. पिटुकलीचं नाव मात्र दोघांनी चुकूनही काढलं नाही.

गेल्या वर्षी संपादकबाई म्हणाल्या, "काका, आता शेवटचं पुस्तक. पिटुकलीला मोठी होऊ द्या." काका हो म्हणाले आणि अडकले. सहा वेळा शेवट लिहिला. सहाही वेळा पिटुकली वेशीपर्यंत जायची आणि माघारी येऊन जुनेच बूट घालायची. बाईंना शेवट हवा होता. काकांना एकच भीती होती. पिटुकली मोठी झाली की तीही दार लावणार, आणि मग त्यांचं ऐकायला कुणी म्हणून उरणार नाही.

त्यातच एका वाचक मुलीचं पत्र आलं. "काका, मी तुमचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा नंबर तीन होता, पिटुकलीएवढाच. आता माझा सहा झाला. तिचा अजून तीनच कसा? ती आजारी आहे का?"

काका आधी हसले. मग उठले आणि सगळी पुस्तकं खाली काढली. पहिल्या चारांत नंबर एक, दोन, दोन, तीन. पाचव्यात तीन. सहाव्यात तीन. अकराव्यातही तीनच! हजारो पोरांना जुना बूट सोडायला लावणाऱ्या माणसानं एका पोरीचा पाय सात पुस्तकं तसाच आवळून ठेवला होता. काकांना स्वतःची लाज वाटली. खरीखुरी, कान तापेपर्यंत.

त्याच दुपारी त्यांनी एका बैठकीत झाकण भरलं. डावा-उजवा नेहमीसारखे भांडत दारापर्यंत येतात. पिटुकली बुटांना म्हणते, "आता तुम्ही नका येऊ," आणि दार लावते. डावा-उजवा भांडण विसरून उंबऱ्याशी बसून राहतात. आत पिटुकली नवे बूट घालून गाणं गुणगुणत असते. संपलं.

पण हे रद्दीत टाकायचं की ठेवायचं, हे सांगणार कोण? रविवारी काकांनी फोन लावला.

"ठमे, कामात आहेस?"

"नाही रे, बोल. गुडघा दुखतोय का?"

"गुडघा मरू दे. एक... एक वाचून दाखवू?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"वाच," ती म्हणाली.

काकांनी वाचलं. आवाज दोनदा अडखळला. बुटांच्या भांडणाला ती नाकातून फुर्रकन हसली, आणि काकांना पुढची ओळ दिसेना. कसंबसं शेवटपर्यंत नेलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त ते गाणं काढ."

"का गं?"

"ती गुणगुणत नव्हती, बाबा. रडत होती. दाराला पाठ लावून बसली होती आणि वाट बघत होती."

"कसली?"

"तू अजून एकदा हाक मारशील म्हणून."

"मला वाटलं, तुला नकोय."

"नकोच होतं मला ऐकायला. पण तू हाक तरी मारायची होतीस ना!"

काकूंनी आतून विचारलं, कुणाचा फोन आहे. काकांनी डोळे पुसले, फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "ठमे, ये गं."

"ओ, बाबा," ती म्हणाली. "आले."