फ्यूजकाकांची मंडळी

कॉलेजात त्यांना पाळकसाहेब म्हणणारं कोणी नव्हतं. पंखा अडकला, ट्यूब फडफडायला लागली, प्रयोगशाळेतली शेगडी तापेना, की पोरं ओरडायची, "फ्यूजकाकांना बोलवा!" आणि काका खिशात टेस्टर खोचून हजर. सोमवार ते शनिवार ते कॉलेजचे वायरमन. रविवारी त्याच कॉलेजच्या व्यायामशाळेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, ते बाप्तिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. शर्ट बदलला तरी टेस्टर खिशातच राहायचा, आणि प्रवचन रंगात आलं की काका तो बोटासारखा नाचवायचे. काकूंनी चारदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

मंडळी सुरू झाली ती एका बंद पंख्यापायी. सात वर्षांपूर्वी परदेशी मुलांच्या वसतिगृहात काका पंखा बघायला गेले, तर खोलीत सहा जण घामाघूम होऊन बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर पवित्र शास्त्र, आणि प्रत्येकाचं वेगळ्या भाषेतलं. एक जण वाचायचा, बाकीचे आपापल्या पुस्तकात बोट फिरवत तो उतारा शोधायचे. गावात चर्चं होती, नाही असं नाही, पण प्रत्येक चर्च कुठल्या ना कुठल्या एका समाजाचं. तिथले लोक या पोरांना मायेनं बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या रविवारी नाव विसरायचे. काका स्वतः पिढीजात बाप्तिस्ट, दोन तासांवरच्या मोठ्या शहरातल्या मंडळीचे सभासद. दर रविवारी पहाटेची बस धरून तिकडे जायचे. त्या दिवशी त्यांनी पंख्याचा कपॅसिटर बदलला, वारा सुटला, आणि कोणीतरी म्हणालं, "काका, बसा की थोडं." काका बसले ते बसलेच.

पुढे खोली पुरेना. मोठ्या शहरातल्या मंडळीनं आशीर्वाद दिला, काकांनी वर्षभरात टपालानं अभ्यासक्रम पूर्ण करून पाळकाची दीक्षा घेतली, आणि प्राचार्यांनी रविवारच्या सकाळपुरती व्यायामशाळा दिली. "आपले फ्यूजकाका आहेत म्हणून," असं ते चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य काकांना तेव्हा फार गोड वाटलं. लोक वाढत गेले: परदेशी विद्यार्थी, गावातली दोन-तीन कुटुंबं, बांधकामावर आलेले मजूर, आणि मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी. मावशी डोंगरापलीकडच्या, त्यांची भाषा त्या सगळ्यांत फक्त त्यांनाच येत होती. पाच वर्षं त्या दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडत, शेवटच्या रांगेत बसत, आणि काही विचारलं की एवढंच म्हणत, "तुम्ही म्हणाल तसं."

या मंडळीचं एक जड दुखणं होतं, ते म्हणजे टाकी. बाप्तिस्टांमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, आपल्या तोंडानं विश्वास सांगून, आणि पाण्यात अख्खं बुडून. व्यायामशाळेत कुंड कुठलं असणार? म्हणून फायबरची एक मोठी टाकी घेतली होती. पहिल्या बाप्तिस्म्याला काकांनी हौसेनं ती काठोकाठ भरली. उतरणारा पहिला माणूस कोण, तर समुद्रापलीकडून येऊन मातीवर संशोधन करणारा सव्वासहा फुटी मातीवाला. तो टाकीत बसला आणि जेवढा तो आत गेला तेवढं पाणी बाहेर आलं. बास्केटबॉलच्या लाकडी जमिनीवरून ते सरळ स्पीकरच्या एक्स्टेंशन बोर्डाकडे निघालं. आयुष्यभर दुसऱ्यांना ओल्या हातांवरून झापणारे काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडले, "मेन बंद करा!" काकूंनी धावत जाऊन मेन पाडला, आणि मातीवाल्याचा बाप्तिस्मा अंधारात झाला. खेळाच्या सरांनी पुढचे तीन दिवस काकांकडून जमीन पुसून घेतली. तेव्हापासून टाकीच्या आत एक लाल रेघ आहे. ती टाकी दर वेळी जिन्याखालून काढायची, भरायची, उपसायची आणि परत ढकलायची. काकांचे गुडघे त्यातच कामातून गेले.

बाप्तिस्टांची आणखी एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्यात वरून हुकूम सोडणारं कोणी नसतं. बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांनी बसायचं, ठराव मांडायचा आणि मत द्यायचं. पाळकाला एक मत, काल आलेल्यालाही एकच. काका हे दर सभेला घोकून घ्यायचे. पण त्यांचा ठराव अर्धा वाचून व्हायच्या आत सगळे हात वर. "अरे, पूर्ण ऐका तरी," असं काका रागवायचे. रागावताना चेहरा मात्र खुललेला असायचा, हे काकूंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

काकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले, तेव्हा नदीपलीकडून सांगावा आला. तिथल्या जुन्या बाप्तिस्ट मंडळीत पाच-सात म्हातारी माणसंच उरली होती. आपली इमारत वापरती राहावी अशी त्यांची इच्छा होती, आणि ती ते काकांच्या मंडळीला सोबत वापरायला द्यायला तयार होते. महिनाअखेर उत्तर हवं होतं, नाहीतर ते दुसऱ्या कोणाला विचारणार होते. काका बघायला गेले आणि वेडेच झाले. सागवानी बाकं, उंच खिडक्या, आणि व्यासपीठामागे पायऱ्या असलेलं बांधीव कुंड! फक्त वायरिंग पार कुजलेलं. काका तीन वेळा जाऊन आले, प्रत्येक भिंत मापली आणि घरी जेवणाच्या टेबलावर मोठ्या कागदावर नकाशा काढला: कुठे बोर्ड, कुठे पंखे, कुंडापासून स्विच किती लांब.

गुडघ्यांचं कारण ते हसत सांगायचे. खरं कारण त्यांनी फक्त काकूंना सांगितलं होतं. "अगं, हॉल माझ्या नोकरीवर मिळालाय. मी घरी बसलो की प्राचार्य किती दिवस देतील? पोरं तर दर दोन वर्षांनी निघून जातात. डोक्यावर हक्काचं छप्पर नसेल तर माझ्यामागं हे सगळं विस्कटून जाईल." सात वर्षांचं काम आपल्यासोबत निवृत्त होईल, ही धास्ती त्यांना आतून पोखरत होती.

सभा उपासनेनंतर व्यायामशाळेतच भरली. एकोणचाळीस सभासद. काकांनी नकाशा भिंतीवर चिकटवला, ठराव वाचला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" विचारता विचारताच त्यांनी चिठ्ठ्यांसाठी आणलेला स्विचबोर्डाचा रिकामा डबा पुढे सरकवला. कोणी बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

शेवटच्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या.

"मी बोलू?"

"बोला, बोला मावशी," काका म्हणाले. त्यांना वाटलं, आभार मानायला उठल्या असतील.

मावशी एकेक शब्द चाचपत बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. "मी तिकडे गेले. मागच्या रविवारी सुट्टी घेतली, इकडे आले नाही, तिकडे गेले. बस बदलायला लागते. एक तास दहा मिनिटं. माझ्या मेसचा नाश्ता साडेनऊला संपतो. आंघोळ करून मी इथे दहाला पोचते. तिकडे उपासना दहाला, मी पोचेन तेव्हा तुमचं प्रवचन संपलेलं असणार."

कोणीतरी हसलं. काकाही हसले.

"तिकडची माणसं चांगली आहेत. मला दाराजवळ बसवलं, लवकर निघायचं असेल तर सोपं जावं म्हणून. माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलली, मी बहिरी असल्यासारखी. मी विचारलं, मी काही काम करू? खुर्च्या लावू? तर म्हणाले, बाकं आहेत ना, जमिनीला ठोकलेली." मावशींनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "इथे मी खुर्च्या लावते. दर रविवारी वेगळ्या लावते. कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, ते मी बघते. तुम्हाला माहीत नव्हतं ना, काका?"

काकांना खरंच माहीत नव्हतं. पाच वर्षं मजुराशेजारी संशोधक आणि भांडलेल्या मैत्रिणी एका रांगेत कशा काय येतात, याचं श्रेय त्यांनी आपल्या प्रवचनांना दिलं होतं.

"आणि हॉलचं म्हणाल तर," मावशींनी पदराआडून पाकीट काढलं, "मी आणि मातीवाला प्राचार्यांकडे गेलो होतो. त्यांनी पत्र दिलंय. तुम्ही असा नाही तर नसा, रविवारी हॉल मंडळीचा."

कागद हातोहात पुढे आला. काकांचे कान तापले. आपल्या अपरोक्ष, आपल्याच प्राचार्यांकडे! पण सभेचे अध्यक्ष तेच. गुमान कागद वाचून दाखवला आणि चिठ्ठ्या वाटल्या. मातीवाल्यानं डबा उघडून मोजणी केली. ठरावाच्या बाजूनं आठ. विरोधात एकतीस.

सात वर्षांत पहिल्यांदाच काकांचा ठराव पडला होता. त्यांनी शेवटची प्रार्थना म्हटली, नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि घरची वाट धरली. घरी आल्यावर गुंडाळी कपाटावर फेकली.

"ते आठ जण कोण, ते मला पाठ आहे," ते धुसफुसले. "टाकी उचलणारे. कंबर गेलेली माणसंच तेवढी माझ्या बाजूनं."

"मी विरोधात मत दिलं," काकू ताटं मांडता मांडता म्हणाल्या.

"तू? अगं, नकाशा काढताना पेन्सिली कोण करून देत होतं?"

"तुम्ही पेन्सिल मागितलीत, मी पेन्सिल दिली. मत कुठे मागितलंत?"

काकांनी जेवण उरकलं. मग त्यांनी ते पत्र पुन्हा खिशातून काढलं. चांगलं अर्धं पान मजकूर. त्यात ते आपलं नाव शोधत होते. वरून खाली वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मंडळीचं नाव चार वेळा होतं, मावशींची आणि मातीवाल्याची सही होती, प्राचार्यांचा शिक्का होता. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. आधी त्यांना झोंबलं. मग पुन्हा मावशींच्या सहीवर नजर गेली, आणि ते एकदम हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारी बाई! प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली! मी त्या केबिनमध्ये ट्यूब बदलायला जातो तरी माझे पाय लटपटतात." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "मला फार अभिमान वाटतोय, आणि रागही गेलेला नाही. दोन्ही एकदम होतंय."

"होऊ द्या," काकू म्हणाल्या.

सोमवारी अर्धी रजा टाकून काका नदीपलीकडे गेले. नकाशा सोबत नेला होता. तिथल्या मंडळीचे वडीलधारे प्रमुख, ऐंशीच्या घरातले, बाकावर सावलीत बसले होते. काकांनी नकार आणि मतांचा आकडा सांगितला, नकाशा त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, "इमारत कोणीही वापरो, वायरिंग मी करून देईन. मजुरी नको. ही वायर अशी ठेवली तर एक दिवस आग लागेल."

म्हाताऱ्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. बराच वेळ नकाशा निरखून ते म्हणाले, "पण तुमच्या मनात इथं यायचं होतं ना?"

"होतं. फार होतं."

"मग पाळक म्हणून तुम्ही ठासून सांगायचंत. सात वर्षं त्या लोकांसाठी एवढ्या खस्ता खाल्ल्यात, आणि तुमचं ऐकणारे आठच निघाले?"

"आठ कुठले? सातच. आठवं मत माझं," काका म्हणाले. आणि मग, लेकीला नोकरी लागल्याचं सांगावं तशा आवाजात, "बाकीच्या एकतिसांना आता माझ्यावाचून चालतं!"