थोरलीला मिळाला दादा

बाबांना तान्हेपणीच किहीमच्या एका बिनमुलाच्या जोडप्यानं दत्तक घेतलं होतं. जन्मदात्यांविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी मी हट्टानं त्यांची डीएनए चाचणी करवली, तर मुंबईतल्या एका मुलीशी जवळचं नातं जुळलं. तिची आई राहायची रेवदंड्याला, म्हणजे आमच्यापासून तासाभरावर.

आम्ही गेलो तेव्हा त्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाबांना नीट न्याहाळलं.

"आमची आई सांगायची, पहिला मुलगा दुसऱ्यांच्या घरी दिला म्हणून. जन्मभर थोरली होऊन सगळ्यांचं मीच बघितलं. आता तू हायस, दादा."

एकुलते वाढलेले बाबा गडबडले. आत्यानं लगेच त्यांना कामाला लावलं. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून, याचे गुडघे दुखतात तरी हा होडीवर जातो, याला समजाव म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "उद्यापासून होडीवर जायचं नाही."

"बरं, दादा," काका नम्रपणे म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी मासेमारीला गेले.

आत्याचा तक्रारीचा फोन आला. बाबा मात्र दिवसभर खुशीत होते.