चुंबकाशिवायचा सर्क्युलेटर

चाळीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांचे किस्से कधीच विसरलो. शिंदे सरांच्या प्रयोगशाळेतले मात्र डोक्यात साठतच गेले, आणि आता त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांपैकी ते ऐकायला कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला धरलंय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कोल्हापुरात एका कॉलेजच्या मागच्या खोलीत सर आणि त्यांचे लॅब असिस्टंट मुजावर विमानाच्या रडारमध्ये लागणारा मायक्रोवेव्ह लहरींचा सर्क्युलेटर करत होते. तीन दारांची डबी. पहिल्या दारातून घातलेला सिग्नल दुसऱ्यातून निघणार, दुसऱ्यातला तिसऱ्यातून, तिसऱ्यातला पहिल्यातून. उलटा कधीच नाही. यासाठी सगळे चुंबक वापरत. सरांना तो नुसत्या ट्रान्झिस्टरवर, काडेपेटीएवढ्या पट्टीवर करायचा होता.

मी बातमी लिहिली. संपादक म्हणाले, "चुंबक नाही, ही काय बातमी? जे नाही ते छापायचं?"

"पुढाऱ्यांची कामं रोज छापता की," मी म्हणालो.

बातमी टोपलीत गेली.

* * *

एकदा त्या खोलीत मी सिगरेट काढली आणि टेबलावरची काडी उचलली. मुजावर ओरडले, "पावणं, ती पेटवू नका!"

काडीच्या टोकाला तांब्याचा कपटा चिकटवलेला. तो पट्टीवर इकडेतिकडे सरकवून सर्किट जुळवायचं, ही त्यांची पद्धत. मी दुसरी उचलली. तिलाही कपटा. तिसरीलाही.

"मग मी ओढू कशी?"

"सर्किट जुळलं की ओढा," मुजावर म्हणाले.

* * *

एका दुपारी मीटरचा काटा एकदम वर गेला. सरांनी जिलेबी मागवली. ती संपल्यावर मुजावरांनी भिंतीकडे बोट केलं. सिग्नल आत नेणारी केबल खिळ्यालाच टांगलेली होती. आत काही न घालताच ट्रान्झिस्टर आपला आपण घुमत, स्वतःच सिग्नल काढत होता.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"जिलेबी गरम हुती की, सर."

* * *

खरं दुखणं झाकणाचं. झाकण उघडं असलं की डबी शहाण्यासारखी वागे. लावलं की सिग्नल उलटा येई.

कामाला पैसे देणारी समिती मुंबईहून तपासणीला आली. "झाकण लावून दाखवा."

लावलं. उलट्या वाटेवरचा काटा उडाला.

"उघडी चालते हो," सर म्हणाले.

"उघडी डबी विमानात बसवायची का?"

मी मध्ये पडलो, "पाच वर्षांचं काम पाच मिनिटांत निकालात काढताय?"

"आपण कोण?"

"बातमीदार."

"मग लिहा."

लिहिलं. छापलं कुणीच नाही. खोली रिकामी करायचा आदेश मात्र लगेच आला. सर एवढंच म्हणत, "एकदा झाकण लावून चालू दे. मग काढा मला."

* * *

खोलीतला शेवटचा दिवस. सामान बांधून झालेलं. डबी आणि मीटर तेवढे टेबलावर. सरांनी पट्टीवरची एक रेघ ब्लेडनं जराशी खरवडली, झाकण लावलं, स्क्रू आवळले. सरळ वाटेनं सिग्नल नीट गेला. मग मुजावरांनी केबली उलट जोडल्या.

काटा शून्यावर. तिन्ही दारं तपासली. शून्यावरच. झाकण लावूनही उलटं काही येईना.

"प्राचार्यांना बोलावतो," मी म्हणालो.

"कुणी उठू नका," सर म्हणाले. "टेबलाला धक्का लागेल."

आम्ही तिघं बसून राहिलो. चहालाही कुणी हललं नाही.

संध्याकाळी शिपाई किल्ल्या घेऊन आला. "सर, कुलूप लावायचं हाय. काय बघताय एवढं?"

"काटा."

तो वाकला. बराच वेळ बघितलं त्यानं. "हलत न्हाय की त्यो."

सरांनी शेजारचं स्टूल हळूच पुढं केलं. "म्हणूनच. बस."