तापलेला टेम्पो आणि आईचा बर्फ

मंडळी, आज मी खरंच दमलोय.

आमचा मासळीचा टेम्पो गरम असताना बंद केला की पुन्हा चालू होत नाही. पण गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत थंड होतो आणि एका सेल्फमध्ये चालू! दरवेळी तेच ऐकायचं, "गाडी मस्त आहे, भाऊ."

आज बाजारातून आईला घेऊन थेट चारकोपच्या गॅरेजवर गेलो. दारातच टेम्पो बंद केला. चालू होईना! खूश होऊन मेकॅनिकला बोलवायला धावलो.

परत येतो तर आईने सीट उचलून, उरलेल्या बर्फाची पिशवी इंजिनवर ठेवलेली. मेकॅनिकने चावी फिरवली. लगेच चालू.

"आई, अगं काय केलंस!"

"तापला होता ना रे."

मी तिथेच फूटपाथवर बसलो. मेकॅनिक मात्र आईकडे वळला. "एवढ्यात अख्खं इंजिन थंड होत नाही. काकू, पिशवी नेमकी कुठे ठेवलेली?"

तिने बोट दाखवलं. तिथे एक सेन्सर होता. तापला की तोच बंद पडत होता.

नवीन सेन्सर परवा येणार. तोवर बर्फात पापलेटबरोबर टेम्पोचाही वाटा.

तुमच्याही घरी आहे का अशी, डॉक्टरने बघायच्या आधीच ताप उतरवणारी?