अबोल्यात घेतलेली प्रत

कर्करोगाच्या त्या इस्पितळात तिला सगळे साठवणताई म्हणत. हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी थट्टेत ठेवलेलं नाव तिला कायमचं चिकटलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. रुग्णांच्या तपासण्या, छायाचित्रं, औषधांचे डोस, सगळं ज्या डिस्कांच्या कपाटात साठायचं ते सांभाळणं आणि त्याची रोज दुसरी प्रत घेऊन ठेवणं, हे तिचं काम. शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा तिचा नवरा म्हणायचा, "अगं, तुझी नोकरी अजबच. काही घडलं नाही की तू काम नीट केलंस म्हणायचं!"

ती मुळात इस्पितळात टंकलेखनाला लागली होती. पहिला संगणक आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला दुरून नमस्कार केला. ही मात्र त्याच्यासमोर जाऊन बसली ती बसलीच. घर, पोर, सासूबाईंचं आजारपण सांभाळून शिकत गेली, परीक्षा दिल्या आणि चाळिशी उलटायच्या आत सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिच्याकडे आली. त्या वेळी प्रत्येक विभागाचा सर्व्हर वेगळा असायचा. क्ष-किरणवाल्यांचा जिन्याखाली, औषधालयाचा फ्रीजला खेटून. एकावर तर एसीचं पाणी ठिबकायचं म्हणून कुणीतरी त्याला प्लास्टिकचं टोपडं घातलं होतं. ताईने ते सगळे एकेक करून हलवले आणि तीन दणकट यंत्रांवर आणून वसवले. आता ते आभासी सर्व्हर झाले. एकाच घरात बिऱ्हाडं नांदावीत तसे ते तिथे नांदत, पण प्रत्येक विभागाला वाटे, आपलं घर स्वतंत्रच आहे. सामान मात्र सगळ्यांचं एका कपाटात. जागा अपुरी पडली की कपाटाला डिस्कांचा आणखी एक खण जोडायचा.

या खणावरूनच तिचं आणि वायरमामाचं बिनसलं होतं. वायरमामा म्हणजे इस्पितळाचं नेटवर्क पाहणारा, तिच्याच वयाचा, मिशीत हसणारा माणूस. नवा खण घ्यायचा की बाहेरच्या कंपनीकडे भाड्याने जागा घ्यायची, यावर बैठक झाली. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ताईंना कपाटांचा सोसच आहे."

ताईही काही कमी नव्हती. "काही जणांना आपले दागिने परक्याच्या घरात ठेवायची हौस असते," ती म्हणाली.

लोक हसले आणि दोघांचा अबोला सुरू झाला. टेबलं समोरासमोर, पण बोलणं फक्त ईमेलने. "कृपया दार बंद करावे," असा ईमेलही एकदा गेला होता म्हणतात. खण शेवटी ताईच्या म्हणण्याप्रमाणे आला. वायरमामाने तो बसवायला मुकाट्याने वायरी ओढून दिल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, ताई चहाचा कप तोंडाला लावणार एवढ्यात टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजले. औषधालयाचा पडदा गोठला होता. क्ष-किरणवाल्यांना छायाचित्रं दिसेनात. ती सर्व्हरच्या खोलीत धावली. तिन्ही यंत्रं ठणठणीत होती, पण कपाटाचे दोन्ही मेंदू, म्हणजे डिस्का चालवणारे नियंत्रक, बंद पडून लाल दिवे लागले होते. एक गेला तर दुसरा सांभाळेल म्हणून दोन ठेवलेले, आणि दोघांनी एकदमच मान टाकलेली. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, कशालाही हात लावू नका. मी निघतो, पण पोचायला संध्याकाळ होईल."

संध्याकाळपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. दुसरी प्रत परिचारिकांच्या वसतिगृहाच्या इमारतीत, वेगळ्या कपाटात होती. हे कपाट येण्याआधी वापरात असलेलं जुनं कपाटही ताईने मोडीत न काढता राखून ठेवलं होतं. प्रतीवरून सगळं त्यात उतरवायचं आणि सर्व्हर तिथून उठवायचे, एवढाच मार्ग होता. पण सगळे एकदम उठणार नव्हते.

"आधी कोणता?" थोरल्या डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. त्यांच्यामागे बिलांचे साहेब उभे होते आणि आपलं घोडं पुढे दामटत होते.

तेवढ्यात त्या दोघांना बाजूला सारत केमोथेरपीच्या मोठ्या सिस्टर आत आल्या. "माझे रुग्ण हाताला सुया टोचून बसले आहेत. कुणाला कोणतं औषध किती, ते औषधालयाच्या संगणकात आहे. एका बाईंचा आज शेवटचा डोस. गावाकडून पहाटे निघून आल्यात. अंदाजाने मी थेंबभरही देणार नाही. तेव्हा आधी औषधालय."

"आधी औषधालय," थोरले डॉक्टर म्हणाले.

ताईने मान हलवली आणि त्याच क्षणी तिला एक दुपार आठवली. औषधालयाचा सर्व्हर तिनेच नव्या खणात हलवला होता. आणि नेमका त्याच दुपारी जावयाचा फोन आला होता, "आई, कळा सुरू झाल्यात, लगेच या." सर्व्हर हलवून झाला होता. नव्या जागेवरून त्याची प्रत घेतली जाईल अशी सोय करायची तेवढी बाकी होती. ती केली का? तिला आठवेना. लेकीला मुलगी झाली, दोन्ही जीव सुखरूप सुटले, आणि त्या आनंदात पुढचे चार दिवस कुठे गेले तेही तिला कळलं नव्हतं. प्रत घेणारी यंत्रणा रोज "सगळे ठीक" असा निरोप देत होती खरी. पण ती जेवायला बसलेल्यांचीच विचारपूस करायची. पंगतीबाहेर कोण राहिलं, हे तिला कुठून कळणार?

ती खुर्चीत बसली आणि तिने प्रतींची यादी मागवली. पडदा उघडायला लागला, पण गोगलगायीच्या चालीने. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. ताईला त्यांच्याकडे बघवेना.

"आहे," मागून आवाज आला.

वायरमामा होता. कित्येक महिन्यांत त्याने तिच्याशी तोंडाने काढलेला तो पहिला शब्द.

"काय आहे?"

"औषधालय. कालपर्यंतची प्रत आहे. तुम्ही लेकीकडे गेलात ना, त्या दुपारी मी बघितलं. सर्व्हर नव्या खणात आणि प्रतीची सोय जुन्याच खणापुरती. मग मी नवा खणही घातला त्यात."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

वायरमामा जमिनीकडे बघायला लागला. "आपण बोलत कुठे होतो?"

"अहो, ईमेल तरी!"

"लिहिला होता. पण वाटलं, तुम्हाला वाटेल मी चुका काढतोय. मग पुसून टाकला."

एवढ्यात पडदा उघडला. औषधालयाच्या नावापुढे कालची तारीख होती. ताईचा जीव असा काही भांड्यात पडला की तिला हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं. "मामा," ती नाक पुसत म्हणाली, "शहाणे आहात की वेडे, ते नंतर ठरवू. आधी वसतिगृहाकडची वायर मोकळी करा. बाकी सगळी वाहतूक थांबवा. मला पूर्ण रस्ता हवाय."

"दिला," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर सारत पळाला.

मग दोघांनी मिळून काम ओढलं. तो पलीकडच्या इमारतीतून फोनवर, ती इकडे. कुठे अडलं की एकमेकांवर ओरडत होते, पण त्या ओरडण्यातही गोडवा होता. दुपार व्हायच्या आत औषधालयाचा सर्व्हर उठला. औषधालयाच्या बाईंनी पाचसहा रुग्णांचे डोस त्यांच्या हातातल्या कागदांशी ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. फक्त त्या सकाळच्या नोंदी नव्हत्या. त्या ताज्या होत्या, बाईंनी सिस्टरांकडून खात्री करत पुन्हा भरल्या.

त्यानंतर छायाचित्रं आली, तपासण्या आल्या. बिलांचे साहेब सगळ्यांत शेवटी, पण तेही आले. संध्याकाळी इंजिनिअर पोचला तेव्हा इस्पितळ जुन्या कपाटावर चालत होतं. त्याने दोन्ही मेंदूंतला दोष शोधला आणि बंद पडलेल्या कपाटातलाही सगळा डेटा शाबूत असल्याचं सांगितलं. ताईने तरी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

घरी निघताना ती केमोथेरपीच्या दालनावरून गेली. गावाकडून आलेल्या त्या बाई हाताला पट्टी लावून चपला घालत होत्या. मुलगा त्यांची पिशवी धरून उभा होता. "आजचा दिवस लांबला हो," बाई सिस्टरांना म्हणत होत्या, "पण संपलं एकदाचं!"

ताई त्यांना ओळखत नव्हती आणि त्याही तिला ओळखत नव्हत्या. तरी ती थांबली, आणि बाईंना जिना उतरायला तिने दुसऱ्या बाजूने हात दिला.